मास्तर मुद्दाम करतात

३० नोव्हेंबर, रविवार

आजपासून लिहायला घेतलंय, कारण घरात बोलायला माणूस उरलेलं नाही. नवरोबा छापखान्यात. डिसेंबर म्हणजे कॅलेंडरांचा हंगाम, घरी येतो तो फक्त अंग टाकायला. राहता राहिले सासरे. त्यांच्याशी बोलण्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं, भिंत निदान तोंड तरी फिरवत नाही.

आज उपासनेनंतर पाळकांनी जाहीर केलं की या नाताळला गायनवृंद मी सांभाळायचा आणि मास्तरांनी फक्त ऑर्गन वाजवायचा. मास्तर म्हणजे माझे सासरे. देवळात मास्तर, घरी बाबा. इतकी वर्षं दोन्ही कामं तेच करायचे, बोटांनी वाजवायचं आणि मानेने गाणाऱ्यांना हाकायचं. शाळेत असताना मी त्यांच्यापुढे पहिल्यांदा तोंड उघडलं, तेव्हा म्हणाले होते, "आवाज खालचा आहे, पण खरा आहे." त्या एका वाक्यावर मी गायला लागले, आणि पुढे त्यांच्याच घरात सून म्हणून आले.

सगळे पांगल्यावर त्यांच्याजवळ गेले. ते स्वरलिपीचे कागद आवरत होते. म्हटलं, "बाबा, तुम्हाला चालेल ना हे?" मान वर नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा वळले आणि म्हणाले, "जेवण घरीच आहे ना?"

म्हणजे चालणार नाही.

२ डिसेंबर

मी कामाला असते त्या चष्म्याच्या दुकानात आज गर्दी. नाताळच्या आधी सगळ्यांनाच नवा चष्मा हवा असतो. एक आजोबा आले, तक्त्यातली तिसरी ओळही दिसेना, पण म्हणे वर्तमानपत्रवाले हल्ली अक्षरं बारीक छापतात. सून बरोबर होती. तिने माझ्याकडे बघून डोळा मारला. काचा बसवेपर्यंत आम्ही दोघी हसत होतो.

संध्याकाळी पहिली तालीम. सोप्रानो बायका, म्हणजे सगळ्यात वरच्या पट्टीत गाणाऱ्या, या वर्षी अगदी काचेसारख्या लागल्यात. नर्सबाईंचं एकटीचं कडवं आहे, त्यांनी शेवटचा वरचा स्वर असा धरला की मी हात खाली करायला विसरले. आणि मास्तर ऑर्गनवरून मागे वळून म्हणतात, "नर्सबाई, नुसते ओठ काय हलवता? गा की!"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. छोटीची, म्हणजे माझ्या धाकट्या नणंदेची, ही बालमैत्रीण. मास्तरांच्या मांडीवर खेळलेली. तिला असं बोलायचं?

वर कौतुक कुणाचं, तर बेकरीवाल्या काकांचं. काका बासमध्ये, पुरुषांच्या सगळ्यात खालच्या आवाजात गातात, म्हणजे भट्टीतून पाव काढताना ओरडतात तसे ओरडतात, आणि सुरात असले तर तो योगायोग. "याला म्हणतात आवाज," मास्तर म्हणाले. काका स्वतःच चपापले.

मी बसवत असलेलं गाणं मोडून काढायचं, दुसरं काय.

५ डिसेंबर, शुक्रवार

आता आरशाचं खूळ. ऑर्गन वाजवणाऱ्याची पाठ आमच्याकडे असते. पूर्वी त्यांच्यासमोर एक आरसा होता, तो फुटून जमाना झाला. इतकी वर्षं अडलं नाही. आज म्हणतात, "सूनबाई, मला तिथे मोठा आरसा लावून दे. तू दिसली पाहिजेस."

म्हटलं, "मी दिसून काय करायचंय? मी सांगेन ना तोंडाने."

"तोंडाने नको. दिसली पाहिजेस."

म्हणजे मी हात कसा हलवते यावर पहारा! बघते म्हटलं आणि सोडून दिलं. दुकानात आरशांना तोटा नाही, एखादा सहज आणता येईल. नाही आणणार.

७ डिसेंबर, रविवार

छोटीचा फोन. ती तिकडे दूर, सुट्टी मिळत नाही, या नाताळलाही येणार नाही. मी रिसीव्हर बाबांच्या हातात दिला. त्यांनी कानाला लावला, क्षणभर धरला, "हं, हं, बरं आहे," म्हणाले आणि माझ्याकडे परत देऊन खोलीत निघून गेले. बाजूला उभी असलेल्या मलाही ऐकू येत होतं, ती विचारत होती, "बाबा, पायाची सूज उतरली का?" त्याला उत्तर "बरं आहे"?

मला म्हणाली, "वहिनी, ते माझ्यावर का चिडलेत गं? महिनोन्महिने धड बोलत नाहीत. येत नाही म्हणून का?" तिचा आवाज आधीच चिमणीसारखा, रडायला लागली की आणखी वर जातो. मी काय सांगणार? या माणसाला बायकांचं ऐकूनच घ्यायचं नाही. नर्सबाईंचं नाही, माझं नाही, पोटच्या पोरीचंही नाही.

रात्री नवऱ्याला सांगितलं. तो ताटावरून उठता उठता म्हणाला, "अगं, बाबांचं असं आहे की..." आणि थांबला.

"कसं आहे?"

"दमलेत. म्हातारे झालेत. तू जरा समोर जाऊन बोलत जा त्यांच्याशी."

समोर जाऊन! म्हणजे हजेरी द्यायची.

१० डिसेंबर

किल्ली दुकानात विसरले. दाराची घंटा दाबून दाबून बोट दुखलं. खिडकीतून दिसत होतं, बाबा आरामखुर्चीत बसलेत, कागदावर बोटांनी ताल धरलाय. घंटा त्यांच्या डोक्यावरच आहे. शेवटी शेजारीण तिच्याकडची किल्ली घेऊन आली. आत गेले तर म्हणतात, "लवकर आलीस आज."

तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारणीला किल्ली परत दिली आणि तडक स्वयंपाकघरात गेले.

१२ डिसेंबर, शुक्रवार



तालीम चांगली चालली होती. दुसऱ्या गाण्यात आल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका, चुकल्या म्हणून मी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. सगळे थांबले. मास्तर थांबले नाहीत. वाजवतच राहिले, तेही जोरात, खुंट्या ओढून सगळ्या नळ्या उघडून. मी म्हटलं, "मास्तर, थांबा." वाजवतायत. "मास्तर!" वाजवतायत. बेकरीवाले काका हसले, मग सगळेच हसायला लागले. मला वाटलं जमीन दुभंगावी. पूर्ण कडवं वाजवून झालं तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं, आणि तोंड असं केलं, जणू काही झालंच नाही.

मी ओरडले. देवळात, सगळ्यांसमोर. त्यांच्याजवळ जाऊन, तोंडासमोर. "एवढंच असेल तर तालमीला येऊच नका तुम्ही!"

हे मात्र बरोबर पोचलं. त्यांनी सगळ्यांच्या तोंडांकडे एकदा पाहिलं, ऑर्गनचं झाकण हळूच लावलं, कोट घेतला आणि चालत घरी गेले.

१३ डिसेंबर

नवऱ्याने स्वतःचा दाढीचा आरसा नेऊन ऑर्गनवर बसवला. मला न विचारता. बापाची बाजू! मी म्हटलं, "सगळं कळतंय मला." तो म्हणाला, "काही कळत नाहीये तुला," आणि छापखान्यात निघून गेला.

१४ डिसेंबर, रविवार

पाळकांकडे जाऊन आले. सगळं सांगितलं. मास्तर मुद्दाम करतात, माझी फजिती व्हावी म्हणून करतात, असंच चाललं तर चोवीस तारखेला सगळ्यांसमोर हसं होईल. पाळक भला माणूस, सावकाश, जवळजवळ कुजबुजत बोलतात. म्हणाले, "शाळेच्या संगीतबाई ऑर्गन वाजवतात. त्यांना विचारू या. एकवीसच्या उपासनेनंतर मास्तरांनी थांबावं, हे त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. मान राखून करू."

येताना पाय हलके वाटायला हवे होते. नाही वाटले.

१६ डिसेंबर

पाळक घरी येऊन गेले. मी स्वयंपाकघरातच थांबले, समोर जायची हिंमत नव्हती. त्यांचं एकसुरी पुटपुटणं ऐकू येत होतं आणि अधूनमधून बाबांचं "हो, हो," "चालेल," "नाताळ आहे, करायलाच पाहिजे." जाताना पाळक मला दारात म्हणाले, "किती मोठ्या मनाचा माणूस आहे! एका शब्दाने विरोध केला नाही."

मला धक्का बसला. मी भांडणाची तयारी करून बसले होते.

जेवताना बाबा खुशीत होते. चक्क गुणगुणत होते. सूर मात्र लागत नव्हता.

संध्याकाळी संगीतबाईंबरोबर पहिली तालीम झाली. त्या मी थांबवलं की थांबतात. कोरडं वाजवतात, पण थांबतात.

१९ डिसेंबर

गाणाऱ्यांमध्ये कुजबुज आहे. मी आले की बंद होते. ज्या नर्सबाईंसाठी मी एवढी भांडले, त्याही म्हणाल्या, "मास्तर तोडून बोलले, मान्य. पण म्हणून नाताळच्या तोंडावर सासऱ्याला उठवायचं?"

बाबा रोज दुपारी कुठेतरी जातात म्हणे. शेजारीण सांगत होती. मी विचारलं नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आज त्यांची शेवटची उपासना होती. पाळकांनी अखेरच्या गाण्याआधी निरोपाचे शब्द बोलायला सुरुवात केली. "ज्यांच्या बोटांनी आपली उपासना उभी केली, ते आपले मास्तर आता विश्रांती घेत आहेत..." लोक एकेक करत उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. काहीजण रडत होते.

आणि मास्तरांनी काय करावं? त्या दाढीच्या आरशात लोक उभे राहिलेले पाहिले आणि धाडकन शेवटचं गाणं सुरू केलं! टाळ्या बुडाल्या, पाळकांचं वाक्य बुडालं. बिचारे तोंड उघडं ठेवून उभे. लोकांना वाटलं काय हा साधेपणा, स्वतःचं कौतुकही ऐकवत नाही. मला विचारा. शेवटच्या दिवशीही दुसऱ्याला बोलू द्यायचं नाही.

बाहेर लोक हातात हात घेऊन सांगत होते, "मास्तर, आठवण येईल तुमची," आणि हे प्रत्येकाला, "तुम्हालाही, तुम्हालाही! शुभ नाताळ!"

नवरा आजही कामावर होता. रात्री आला तेव्हा म्हटलं, झालं एकदाचं. काय झालं हे त्याने विचारलंही नाही. बूट न काढताच झोपला होता.

२२ डिसेंबर, सोमवार

जसं झालं तसं लिहायचा प्रयत्न करते.

दुपारच्या सुट्टीत देवळात गेले, स्वरलिपीच्या प्रती आणायला. फाटकापाशीच एक आवाज ऐकू आला. बारीक, तीक्ष्ण, न थांबणारा. वाटलं रस्त्यावर कुणाच्या यंत्राचा असेल. दार उघडलं तर तो आतूनच येत होता, आणि आत तो इतका मोठा होता की दात शिवशिवले.

ऑर्गन जुना आहे. थंडीत एखादी पट्टी अडकते, वर येत नाही, आणि मग तिची नळी किंचाळत राहते. पूर्वी असं झालं की आमच्या कुणाच्या लक्षात यायच्या आत मास्तर गाणं न थांबवता करंगळीने ती पट्टी उचलून मोकळी करायचे.

मास्तर बाकावर बसले होते. हात मांडीवर. समोर आमच्या चोवीस तारखेच्या गाण्यांचे कागद. डोळे मिटलेले, चेहरा अगदी निवांत. डोक्यावर ती नळी किंचाळतेय, आणि हे असे बसलेत जसं कुणी झाडाखाली बसावं.

"बाबा," मी मागून म्हटलं. मग मोठ्याने, "बाबा!"

त्यांनी डोळे उघडले, आरशात मला पाहिलं आणि हसून वळले. "अगं, ये, ये. किती शांत असतं ना इथे या वेळेला."

मी जागच्या जागी उभी राहिले. घंटा, फोन, नर्सबाईंचे ओठ, ते न थांबलेलं कडवं, सगळं एकदम अंगावर आलं. त्यांच्या बाजूला गेले आणि ती पट्टी बोटाने वर उचलली. आवाज थांबला. तेव्हा खरी शांतता झाली.

ते माझ्या बोटाकडे बघत होते.

"अडकली होती?"

"हो."

"बराच वेळ?"

"मी फाटकात होते तेव्हापासून."

त्यांनी ती पट्टी स्वतः दाबून पाहिली, सोडली, पुन्हा दाबली. नळी बोलत होती. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

"वरचं सगळं गेलंय," ते म्हणाले. "आधी तुमच्या सोप्रानो गेल्या. मग दाराची घंटा. मग छोटी." त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "तुझा आवाज खालचा आहे. समोर उभी राहून बोललीस की कळतं. पाठमोरी झालीस की संपलं. बेकरीवाला तेवढा सगळा ऐकू येतो. गाढव बेसूर आहे."

मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी लगेच कागद पुढे ओढले. "ते असू दे. तालमीला नाही आलो, पण रोज इथे येऊन सगळं पाठ केलंय. तू फक्त आरशात दिस. शेवटचं गाणं जरा संथ घेऊ या का परवा?"



"बाबा, काल पाळक काय म्हणाले?"

"काल? लोक उभे राहिले, मी गाणं सुरू केलं. का गं?"

"आणि मंगळवारी घरी आले होते तेव्हा?"

"नाताळचं काहीतरी सांगत होते. तो माणूस दाढीत बोलतो. मी हो म्हटलं सगळ्याला."

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले, म्हणजे माझं तोंड त्यांना नीट दिसावं. आणि सांगितलं. चोवीसला संगीतबाई वाजवणार. कालचा त्यांचा निरोप होता. हे मी करवून घेतलं. एकेक शब्द सुटा करून बोलावा लागत होता. भरभर बोलून टाकायची सोयच नव्हती.

त्यांनी चोवीसच्या गाण्यांचे कागद गोळा करून एकावर एक ठेवले.

"पाळकांना कारण काय सांगितलंस?"

"की तुम्ही मुद्दाम करता."

"मुद्दाम," ते म्हणाले. मग मान हलवली. "बरं आहे ते. तसंच राहू दे."

"नाही बाबा, मी आत्ता जाऊन खरं काय ते सांगते. तुम्हीच वाजवायचं. मी आरशात दिसेन, मी..."

"आणि पुन्हा थांबायचं तिथे थांबलो नाही तर? चोवीसला?" त्यांनी झाकण लावलं. "लोकांना म्हणू दे, मास्तर खडूस होता, सुनेशी पटलं नाही. खडूस चालेल. बहिरा नको. कुणाला बोलायचं नाही. छोटीला तर अजिबात नाही. शब्द दे."

मी शब्द दिला. काय करणार होते?

रात्री नवऱ्याला विचारलं, तुला माहीत होतं? तो म्हणाला, "मलाही शब्द द्यायला लावला होता." त्याच्याशी भांडायचं होतं. पण कुठल्या तोंडाने?

२४ डिसेंबर

गाणी झाली. चुकलं काही नाही. देऊळ शिगोशीग भरलं होतं, मेणबत्त्यांच्या धगीने खिडक्यांना घाम फुटला होता. बाबा पहिल्या ओळीत कोट घालून बसले होते. नर्सबाईंच्या कडव्याला ते पुढे झुकले आणि त्यांच्या ओठांकडे बघत राहिले, वरचा स्वर संपेपर्यंत. संपल्यावर सगळ्यांच्या आधी मान डोलावली. कसं कळलं, देव जाणे.

नंतर गर्दीत सगळे त्यांच्याभोवती. माझ्याभोवती कुणी नाही. पाळकांच्या बायकोने माझ्याकडे बघून तोंड वळवलं. नर्सबाई कोट चढवता चढवता जवळ आल्या.

"आता झालं ना मनासारखं?"

जिभेवर आलं होतं सगळं. बाबा त्यांच्या खांद्यावरून माझ्या तोंडाकडे बघत होते.

"हो," मी म्हटलं.

२५ डिसेंबर

दुपारी जेवणं झाली. नवरोबाला महिन्यात पहिल्यांदा सुट्टी, तो खुर्चीतच घोरत होता. फोन वाजला. छोटी.

बाबांना खूण केली. ते नको म्हणत होते. मी त्यांना फोनजवळच्या खुर्चीत बसवलं, समोर स्टूल घेऊन स्वतः बसले आणि रिसीव्हर माझ्या कानाला लावला. म्हटलं, "ती बोलेल ते मी तुम्हाला सांगते. तुम्ही बोललात की फोन तुमच्या तोंडाशी धरते. तिला काय कळणार आहे?"

पण छोटी शुभेच्छा द्यायला थांबलीच नाही. नर्सबाईंनी तिला सगळं कळवलं होतं. "वहिनी, माझ्या बाबांना तू त्या ऑर्गनवरून उठवलंस? ज्यांनी तुला गाणं शिकवलं त्यांना? मी नाही तिथे म्हणून काहीही करशील?" आवाज वर वर चढत गेला. मी ऐकत राहिले. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणते?"

"शुभ नाताळ म्हणते."

"एवढा वेळ?" ते म्हणाले. "खरं सांग."

तोंडासमोर बसून खोटं बोलणं जमेना. "म्हणते, वहिनीने तुम्हाला उठवलं."

त्यांनी हात पुढे केला. मी रिसीव्हर दिला. त्यांनी तो कानाला लावलाच नाही, थेट तोंडासमोर धरला, आपण एखाद्याला हाक मारताना धरू तसा.

"छोटे," ते म्हणाले, "मला वहिनीने नाही उठवलं. कानांनी उठवलं. मला ऐकू येत नाही. तुझा आवाज तर मुळीच येत नाही, किती दिवस झाले. मी चिडलेलो नाही. कळलं?"

नवरा जागा झाला होता, हलत नव्हता. बाबांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला. मी कानाला लावला.

ते वाट बघत होते. "ठेवला का तिने?"

"नाही."

"मग काय म्हणते?"

"काहीच नाही, बाबा. गप्प आहे."

"हां," ते म्हणाले, आणि खुर्चीत मागे टेकले. "म्हणजे आत्ता तुला आणि मला सारखंच ऐकू येतंय."